संगणक विचारतो, ‘फॉरमॅट करू का?’

श्रोतेहो, माझ्याकडून तुम्ही कवितेची अपेक्षा कराल, पण आज बोटाच्या नखाएवढ्या एका वस्तूविषयी बोलायचं आहे. मेमरी कार्ड. कॅमेऱ्यात असतं, मोबाइलमध्ये असतं, आवाज टिपून घेणाऱ्या छोट्या यंत्रात असतं. पूर्वी घरात पत्र्याची ट्रंक असायची, ट्रंकेत अल्बम, अल्बममध्ये लग्नाचे फोटो. आता ती सगळी ट्रंक या नखाएवढ्या तुकड्यात आली आहे. बारसं, अकीका, मुंज, शादी, गड्ड्याची जत्रा, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं त्यात.

हे कार्ड आपण टेबलावरच्या संगणकाच्या खाचेत सरकवतो. दोनचार क्षणांत पडद्यावर आपोआप खिडकी उघडते आणि फोटोंची यादी दिसते, अशी आपली सवय झालेली. आणि एके दिवशी काहीच होत नाही. किंवा त्याहून वाईट होतं. संगणक अगदी नम्रपणे विचारतो, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला घाईत दिलेला होकार फार महाग पडतो. तो होकार देण्याआधी काय काय पाहायचं, एवढ्याचसाठी माझं आजचं बोलणं आहे.

मी संगणकतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि माझ्या पिढीतल्या असंख्य शिक्षक-कारकुनांबरोबर मीही माउस धरायला शिकलो, एवढंच माझं शिक्षण. पण कवी मंडळींना आवाज जपण्याचा नाद असतो. १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्या सोलापुरात भरलं, तेव्हाचा जमाना कॅसेटचा. कॅसेटचं एक बरं होतं. फीत गुंतली तर डोळ्यांना दिसायची, पेन्सिल घालून गुंडाळता यायची. कार्डाचं बिनसलं तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून तर माणूस घाबरतो आणि पडद्यावरची पाटी जे म्हणेल त्याला मान डोलावतो.

कार्ड संगणकाला जोडून वाचण्यायोग्य करण्याच्या क्रियेला ‘माउंट’ करणं म्हणतात. जुन्या मोठ्या संगणकांवर चुंबकीय फितीचं रीळ खरोखरच हाताने उचलून यंत्रावर चढवावं लागे, तेव्हापासूनचा हा शब्द. सोलापूरकराला तो समजावून सांगायची गरज नाही. ताण्याचा बीम कारखान्यात येऊन पडला म्हणजे कापड निघत नाही. तो मागावर चढवावा लागतो, धागे जोडावे लागतात, मग माग चालतो. कार्ड खाचेत गेलं म्हणजे बीम दारात आला, एवढंच झालं. चढवण्याचं काम पुढे आहे, आणि हल्ली ते संगणक आपण न सांगता करतो म्हणून आपल्याला ते काम असतं हेच ठाऊक नसतं.

खरं तर कार्डात आठवण साठवायची रीतही आपल्या गावाला नवी नाही. सोलापुरी चादरीवरचं नक्षीकाम जकार्डवर होतं आणि जकार्डला नक्षी सांगायला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागत आली. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४च्या सुमारास ही युक्ती बसवली. भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. आजच्या संगणकातही मूळ गोष्ट तीच, आहे किंवा नाही. आता चादरीवरचं फूल वाकडं उमटलं तर विणकर काय करतो? कार्डं फाडून चुलीत घालत नाही. कार्डांची साखळी सरकली का, सुई अडकली का, दोरी तुटली का, हे आधी बघतो. मेमरी कार्डाच्या बाबतीत एवढाच धीर आपल्याला हवा असतो.

तेव्हा सुरुवात खाचेपासून करू. मे महिन्यातली सोलापूरची धूळ तुम्हाला मी काय सांगावी. मोठ्या एसडी कार्डाच्या पाठीवर नऊ सोनेरी पट्ट्या असतात, मोबाइलमधल्या मायक्रो कार्डावर आठ. त्यांच्यावर घामाचा किंवा धुळीचा पातळ थर बसला तरी बोलणं तुटतं. कोरड्या, मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीबरोबर ओल जाते. मायक्रो कार्ड मोठ्या खाचेत बसावं म्हणून आपण ते एका प्लॅस्टिकच्या खोळीत घालतो. ही खोळ, म्हणजे अॅडॉप्टर, स्वस्तातली वस्तू आणि पुष्कळदा खरी गुन्हेगार. आधी ती बदलून बघा. मोठ्या कार्डाच्या आणि खोळीच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती ‘लॉक’कडे असेल तर कार्डावर नवं काही लिहिता येत नाही, वाचता मात्र येतं. ही पट्टी ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग रीडर. कॅबिनेटच्या तोंडाशी चारपाच खाचांचा जो रीडर असतो तो आतून एका बारीक वायरने मदरबोर्डाला जोडलेला असतो. ही वायर सैल झाली की रीडर कधी दिसतो, कधी नाही. बाहेरून लावायचा रीडर असेल तर तो संगणकाच्या पाठीमागच्या यूएसबी खाचेत लावून बघा. पुढच्या खाचेत न दिसणारं कार्ड मागच्या खाचेत सुरळीत उघडलेलं मी पाहिलं आहे. रीडरचं वयही विचारात घ्या. दोन जीबीहून मोठी एसडीएचसी कार्डं २००६ साली आली, बत्तीस जीबीच्या वरची एसडीएक्ससी २००९ साली. नवा रीडर जुनं कार्ड वाचतो, पण २००६ पूर्वीच्या रीडरला आजचं कार्ड ओळखत नाही. आपल्या कार्डावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा.

इथवर एक सोपी परीक्षा सांगतो. त्याच खाचेत दुसरं, चालू असलेलं कार्ड घालून बघा. आणि आपलं कार्ड दुसऱ्या संगणकावर लावून बघा. दोष कार्डात की रीडरात, याचा बराचसा निकाल या अदलाबदलीत लागतो. आश्चर्य असं, की ही साधी परीक्षा न करता लोक थेट दुकानात जातात.

आता समजा कार्ड ठीक, रीडर ठीक, तरी खिडकी आपोआप उघडत नाही. याला इतिहास आहे. एके काळी विंडोज इतकं अगत्यशील होतं, की पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम न विचारताच चालू व्हायचा. त्या अगत्याचा फायदा व्हायरसवाल्यांनी घेतला. २००८च्या अखेरीस जगभर पसरलेला कॉन्फिकर हा व्हायरस इतर मार्गांबरोबर या वाटेनेही घरात शिरला. सायबर कॅफेत एकदा पेनड्राइव्ह लावला की घरी पाहुणा घेऊनच यायचं, असे ते दिवस. शेवटी मायक्रोसॉफ्टने २००९च्या विंडोज सेव्हनपासून कार्ड आणि पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅम आपोआप चालणं बंद केलं आणि फेब्रुवारी २०११मध्ये एक्सपी व व्हिस्टालाही तशी दुरुस्ती दिली. ‘काय करू?’ असं विचारणारी ऑटोप्लेची पाटी तेवढी राहिली, आणि तीही सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. कचेरीतल्या संगणकावर ती मुद्दाम बंद केलेली असते. थोडक्यात, खिडकी न उघडणं हा दर वेळी बिघाड नसतो, कधी ती दारावरची राखण असते. घरच्या संगणकावर ती परत हवी असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ऑटोप्ले’ असं शोधा. तिथे मेमरी कार्डाची ओळ वेगळी दिलेली असते. नको असेल तर ‘धिस पीसी’ उघडून कार्डाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारा, झालं.

तिथे चित्रच नसेल तर? विंडोज प्रत्येक कार्डाला एक अक्षर देतं, ई, एफ, जी असं. कधी ते अक्षर कचेरीच्या नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरने आधीच अडवलेलं असतं आणि दोघांच्या भांडणात कार्ड पडद्याआड राहतं. कधी अक्षर मिळालेलंच नसतं. अशा वेळी ‘स्टार्ट’च्या बटणावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. हे पान म्हणजे कार्डाचा केसपेपर. तिथे ‘नो मीडिया’ दिसलं तर रीडरला कार्ड लागतच नाही, परत खाचेकडे आणि पट्ट्यांकडे जा. ‘हेल्दी’ आहे पण अक्षर नाही, असं दिसलं तर नुसतं अक्षर द्यायचं, आत हात लावायचा नाही. आणि ‘रॉ’ असं दिसलं, तर खुर्चीवरून उठा, चहा घ्या, पण फॉरमॅट दाबू नका.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथे कार्ड आल्याची वर्दी सगळ्यात आतल्या थराला, म्हणजे कर्नेलला लागते, पण चढवण्याचं काम डेस्कटॉपचा एक सेवक करतो. तो सेवक तुम्ही लॉगइन केल्यावरच कामाला लागतो, आणि सेटिंगमध्ये त्याला सुट्टी दिलेली असू शकते. ‘एल एस बी एल के’ ही पाच अक्षरी आज्ञा टर्मिनलवर द्या. यादीत कार्ड दिसलं पण त्याच्यापुढे जागा लिहिलेली नसेल, तर कार्ड शाबूत आहे, चढवणारा तेवढा झोपलाय. कधी कधी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये जुनी एखादी ओळ राहून गेलेली असते आणि सेवक तिचंच ऐकत बसतो. ती ओळ जाणत्याकडून काढून घ्यावी.

आता त्या ‘रॉ’ शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळं नुकसान तिथेच होतं. रॉ म्हणजे कच्चं. संगणकाला म्हणायचं असतं, ‘या कार्डावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.’ हे सांगण्याऐवजी तो म्हणतो, ‘फॉरमॅट करू का?’

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बसथांब्यावर ऐकू येतात. पाट्या वेगवेगळ्या लिप्यांत. मला तेलुगू वाचता येत नाही. पण शेजारच्या अण्णांच्या घरी आलेलं तेलुगू पत्र हातात पडलं तर मी ‘हा कोरा कागद आहे, पुसून देऊ का?’ असं विचारत नाही. कितीतरी घरांत पणजोबांचे मोडी कागद रद्दीत गेले. आमच्याकडच्या घरांत आजोबांची उर्दू पत्रं गेली, कारण मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांना ती अक्षरं म्हणजे नुसती वळणं वाटली. कागद कोरे नव्हते. वाचणारा कमी पडला.

कार्डालाही लिपी असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. बत्तीस जीबीपर्यंतची कार्डं बहुधा ‘फॅट ३२’ या लिपीत लिहिलेली असतात, त्याहून मोठी ‘एक्सफॅट’मध्ये. ही एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. जुन्या विंडोज एक्सपीला ती येत नसे. त्यासाठी २००९ साली वेगळी जोड दिली गेली, पण ती सगळ्यांनी घेतली असं नाही. लिनक्सच्या बाबतीत तर २०१९ साली मायक्रोसॉफ्टने या लिपीचे नियम खुले केले आणि २०२०मध्ये ती कर्नेलमध्ये नीट रुजली. त्याआधीच्या लिनक्स संगणकावर ती वेगळी बसवावी लागे.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा एकदा असंच चौसष्ट जीबीचं कार्ड घेऊन आला. ‘चाचा, कार्ड गेलं,’ म्हणाला. चेहरा उतरलेला. त्याच्या आजीने बहिणीच्या लग्नात हळदीच्या रात्री गाणी म्हटली होती, अर्धी दख्खनी, अर्धी मराठी, जशी आमच्याकडच्या बायका गातात. ती सगळी एका चुलतभावाने छोट्या रेकॉर्डरवर धरली होती. आजी नंतर चार महिन्यांत गेली. आता घरचा संगणक फॉरमॅट करायचं म्हणत होता. एका दुकानदाराने बघून सांगितलं होतं, ‘करून टाका, कार्ड वापरायला तरी येईल.’ कार्ड वापरायला येईल! जणू प्रश्न कार्डाच्या किमतीचा होता.

मुलाने ‘हो’ दाबलं नव्हतं, ही त्याची अक्कल. मी विचारलं, घरचा संगणक कोणता? तर जुना, एक्सपीवाला, अब्बांच्या हिशेबाचा. रीडर मात्र नवा. आम्ही तेच कार्ड, त्याच रीडरसह, माझ्या पुतण्याच्या नव्या संगणकाला लावलं. दोन सेकंदांत खिडकी उघडली. कार्डाला काही झालेलंच नव्हतं. एक्सपीला ती लिपी येत नव्हती, बस. पहिली फाइल लावली तर आधी खोकला ऐकू आला, बांगड्या वाजल्या आणि मग आजीचा आवाज, ‘चालू हुआ क्या रे?’ मुलगा आवाज वाढवायला पुढे झुकला आणि तसाच राहिला. प्रत करून घ्यायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

दर वेळी असं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कार्ड खरंच बिघडतं. फोटो लिहिले जात असताना बॅटरी गेली, किंवा फाइल उतरत असताना कार्ड उपटलं, तर लिपीतली अनुक्रमणिका विस्कटते. पानं असतात, पण कोणतं कुठे ते कळत नाही. अशा वेळी सर्वांत मोठा नियम एकच, त्या कार्डावर नवं काही लिहू द्यायचं नाही. मघाशी सांगितलेली सरकपट्टी इथे ‘लॉक’कडे सरकवा. संगणक ‘दुरुस्त करू का?’ असं विचारेल, त्यालाही लगेच हो म्हणू नका, कारण दुरुस्ती म्हणजेसुद्धा कार्डावर लिहिणंच. आधी जाणत्या माणसाकडून अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर उतरवून घ्यावी आणि शोधाशोध त्या प्रतिमेवर करावी. ‘फोटोरेक’ नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने केलेला. तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. पानापानावर जाऊन ‘हा फोटो दिसतो, हा आवाज दिसतो’ असं ओळखून बाहेर काढतो. फाइलींची नावं हरवतात, आतला ऐवज पुष्कळदा सापडतो.

आणि ज्यांनी ‘हो’ दाबून टाकलंय त्यांनीही लगेच कपाळाला हात लावू नये. फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. ‘क्विक’ म्हणजे वरवरचं फॉरमॅट अनुक्रमणिका कोरी करतं, पानं बहुधा राहतात. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर मात्र सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात, मग आशा ठेवू नये. म्हणून चुकून फॉरमॅट झालंच तर कार्ड त्या क्षणी बाहेर काढा आणि त्याच्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. लग्नात फोटो काढणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. पुढच्या लग्नाचे फोटो मागच्या लग्नाच्या जागेवर बसतात आणि दोन्ही घरांशी भांडण होतं.

फसवी कार्डंही बाजारात असतात. वर लिहिलेलं एकशे अठ्ठावीस जीबी, आत खरी जागा आठ. सुरुवातीला सगळं छान चालतं, आठ भरले की पुढचं कुठे जातं ते कार्डालाच ठाऊक. नवं कार्ड घेतलं की एकदा ते काठोकाठ भरून, परत वाचून बघावं. वेळ जातो, पण रविवार कशासाठी असतो?

कार्ड काढतानाचा शिष्टाचार सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही. ‘इजेक्ट’ म्हणून मग काढायचं. विंडोजने २०१८च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून लगेच काढून घेण्याला सोयीची व्यवस्था मूळ नियम म्हणून ठेवली, तरी फाइल उतरत असताना उपटलं तर कोणतीच व्यवस्था वाचवत नाही. लिनक्सवर तर इजेक्ट केल्याशिवाय कार्डाला हात लावू नये, कारण पडद्यावर ‘झालं’ असं दिसलं तरी लिखाण मागे चालू असू शकतं.

कार्डात साठवण होते ती विजेच्या सूक्ष्म भारांनी, आणि तो भार वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर हळूहळू गळतो. म्हणून कार्ड कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नये. महत्त्वाच्या फाइली संगणकावर उतरवा, एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. रिकामं झालेलं आणि भरलेलं कार्ड एकाच डबीत टाकू नका. छोट्या कागदी पाकिटावर कोणाचा आवाज, कोणतं लग्न, कोणतं साल, हे पेनाने लिहा. आणि नवा रीडर घ्यायला जाल तेव्हा घरातलं सगळ्यात मोठं कार्ड सोबत न्या, अर्थात ज्याची प्रत झालेली आहे असं, आणि पैसे देण्याआधी ते दुकानातल्या संगणकावर लावून बघा.